कोण येतो?

मार्गशीर्षातली सकाळ. गोदावरीवर धुके. धवल, दाट, दिशाहीन धुके; अलीकडचा काठ त्याने अर्धा गिळलेला, पलीकडचा पुरता. पाणी दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. बाभूळ दिसत नव्हती, नुसती टोचत होती. अशा धुक्यात माणूस माणसाला ओळखत नाही. आणि त्या वर्षी तर लख्ख उन्हातही कुणी कुणाला ओळख देत नव्हते.

दक्षिणेत युद्ध पेटले होते. राजाज्ञा सुटली होती : घरटी एक गडी. मग तो नांगरावर असो की बोहल्यावर. गेले ते गेले, परतले ते त्यांचे निरोप. नदीपलीकडे मात्र दुसरे राज्य होते, तिथे ही आज्ञा पोहोचत नव्हती. म्हणून राजाने घाटावर पहारा बसवला आणि पहाऱ्याने गावात कान पेरले. भिंतींना कान असतात म्हणतात. त्या वर्षी विहिरींना होते, जात्यांना होते, देवळातल्या नंदीला तर होतेच. सख्ख्या भावाशी बोलतानाही माणसे आधी मागे वळून बघत.

त्या धुक्यातून दोन लुगडी घाटाकडे निघाली होती. पुढे ठकूबाई, मागे तिची सून हौसा. सुनेची चाल गर्भभारमंथर, पदर हनुवटीच्या खाली ओढलेला, मनगटात हिरव्या बांगड्या. लुगडे हौसाचे, पदर हौसाचा, बांगड्याही हौसाच्याच. आत मात्र हौसा नव्हती. आत होता तिचा नवरा, ठकूबाईचा एकुलता एक सुभान. मिशी घरीच उतरवून ठेवली होती, आणि पोट होते गोधडीचे.

खरी हौसा वारणाकाठची. तिचा बाप लष्कराच्या तळाबरोबर इकडे आला, लेक या गावात दिली आणि पहिल्याच चकमकीत पडला. तिच्या बोलीचे गावाला फार कौतुक, म्हणजे फार टिंगल. वारणेकडच्या बाया स्वतःविषयी पुरुषासारखे बोलतात. ‘मी आले’ म्हणायचे तिथे ‘मी आलो’. हौसा घागर घेऊन ‘आलो, आलो’ करीत घाट उतरू लागली की धुणाऱ्या बायांचे हात थांबत. सगळ्यांत जास्त हसे सुभान. “मीबी आलो, तूबी आलो, मग घरात बाई कोण?” असे तो रोज विचारी, आणि रोज ती त्याला फुंकणी दाखवी.

पण शिपाई गल्लीगल्लीतून गडी मोजू लागले तेव्हा याच हौसाने लुगड्याची घडी सुभानच्या मांडीवर ठेवली. “बाप दिला, त्यो आला न्हाई. नवरा न्हाई देणार मी. हे नेसा आन् पल्याड जावा.” मग ती स्वतः त्याचे कांबळे डोक्यावरून घेऊन आतल्या खोलीत पडली, सुभान होऊन. ठकूबाईने दाराला कडूनिंबाचा डहाळा बांधला. असा डहाळा म्हणजे घरात देवीचा रोगी. भला भला शिपाई तो उंबरा ओलांडत नाही. बेत पक्का होता. अट एकच होती. घाटावर सुभानने तोंड उघडायचे नाही.

घाटावर शेकोटी होती, शेकोटीमागे भाला होता, भाल्याला टेकून दाजीबा शिपाई होता. आणि नावेत, वल्ह्यावर हात ठेवून, गेणू नावाडी. गेणूकडे बघताच ठकूबाईने पाऊल आखडते घेतले. मागे दोन भाऊ त्याच्याच नावेतून पळताना भर पात्रात धरले गेले होते. चुगली कुणी केली? गाव नाव घेत नसे, नुसते नावेकडे बघे.

“कोण हाय?” दाजीबा.

“मी ठकूबाई. लेकाला देवी आल्यात. सून पोटुशी, तिला पल्याड मावशीकडं धाडते.”

देवीचे नाव निघताच दाजीबा दोन पावले मागे सरला. नजर मात्र मागे सरली नाही. ती पदरावर फिरली, पावलांवर फिरली, परत वर चढली. “सून लई उंच दिसती.”

“वारणंचं पानी,” ठकूबाई म्हणाली. तिने सुनेला नावेकडे ढकलले.

गेणू पुढे वाकला. त्याने सुनेला हात दिला. त्या हातात आलेला हात नांगराचा होता, घट्ट्यांचा होता. गेणूने एकदा त्या हाताकडे पाहिले, एकदा दाजीबाकडे पाहिले. ठकूबाईला वाटले, आता बोलतो, आता विकतो. गेणूने नुसता दोर सोडला.

नाव हलली. धुके हलले. पाण्यावर एक रेघ उमटली, मायलेकांच्या मधोमध, आणि ती रुंदावत गेली. आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. शेताला निघालेला ‘येतो’ म्हणतो, मसणातून निघालेला मात्र ‘येतो’ म्हणायला धजत नाही, म्हणून गप्प निघतो, इतके त्या शब्दाचे सामर्थ्य. सुभान आयुष्यात कधी तो शब्द मागे ठेवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. आई काठावर उभी होती. रेघ रुंदावत होती. आणि बजावलेले सगळे विसरून, पदराआडून, घोगऱ्या, भरल्या गळ्याने तो बोलून गेला :

“येतो गं.”

ऊद जळाल्यावर वास लपत नाही, तसा तो शब्द लपला नाही.

“कोण येतो?” दाजीबाने भाला उचलला. “ए गेन्या! नाव थांबीव. बाई ‘येते’ म्हनंल. ‘येतो’ कोन म्हनलं?”

वल्हे थांबले. थेंब टपटपले. ठकूबाईने डोळे मिटून घेतले. तिला लेक दिसला, हात बांधलेला, दक्षिणेच्या वाटेवर. आणि तिला गेणूचे हसणे ऐकू आले.

“दाजीबा, तुमी नवं हाय घाटावर! ठकूबाईची सून हाये ती, वारणंची. तिकडच्या बाया गड्यावानी बोलत्यात. पान्याला आली का ‘मी आलो, मी आलो’. कुनालाबी इचारा गावात, हसून हसून पुरेवाट व्हती.”

दाजीबा घुटमळला. भाला खाली आला, संशय आला नाही. “बरं. सून ही असंल, तर लेक घरात असंल. चल म्हातारे, दाखीव.”

नाव धुक्यात शिरली. ठकूबाई पुढे, भाला मागे. गेणूने वाचवले की घराकडे बोट दाखवले? शेकोटीपासून दारापर्यंत ती हेच घोळवत चालली. हौसालाही मुकाट पडून राहा म्हणूनच सांगितले होते. पण मुकाट राहिली तर हा आत शिरेल, आणि बोलली तर बाईचा आवाज ऐकेल.

निंबाच्या डहाळ्याअलीकडे दाजीबा थबकला. नाकाला मुंडाशाचे टोक लावून, वाटेत विचारून घेतलेल्या नावाने ओरडला, “सुभान्या! हायेस का?”

आत कांबळे हलले. शिपाई उंबऱ्याकडे एक पाऊल सरकला. तेव्हा आतून, कांबळ्याच्या चार पदरांतून, खोकत, घोगरत शब्द आले. हौसाने बोलीचे काही सोंग केले नाही. ती आपले रोजचेच बोलली.

“हाय की दादा. आलो असतो भाईर, पर उठवंना.”

दाजीबा हुश्श करून मागे फिरला. “आवाज पार बसलाय की रं,” असे बडबडत, अंग चोरत, गल्लीने निघून गेला.

सांज उतरली. ताम्र, क्षीण, पाणावलेली सांज. ठकूबाई पाण्याला गेली तेव्हा गेणू नावेचा दोर बांधत होता. त्याने एक गाठोडे तिच्या घागरीशेजारी ठेवले. आत लुगडे होते, कोरडे, नीट घडी केलेले; घडीत हिरव्या बांगड्या. “सुनंनं निरोप धाडलाय,” तो पाण्याकडे बघत म्हणाला.

“काय?”

“म्हनली, येतो.”

त्याचा चेहरा दगडासारखा होता. तो आपला की परका, हे ठकूबाईला तेव्हाही कळले नाही. गाठोडे मात्र तिने छातीशी धरले.

आतल्या खोलीत हौसाने घडी उलगडली. निरोप ऐकून ती आधी हसली, खूप हसली. “बघा आत्या, माझीच बोली चोरली!” मग हसता हसता तिचे तोंड त्या लुगड्यात गेले, आणि ते वर येईना. लुगड्याला नदीचा वास होता, त्याच्या अंगाचा वास होता, जाण्याचा वास होता. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बाहेर पावले वाजली. उंबऱ्याअलीकडे थांबली. संध्याकाळची फेरी.

“सुभान्या! हायेस न्हवं?”

हौसाने लुगडे तोंडावरून दूर केले. कांबळे ओढले. डोळे पुसले. दारात डहाळा हलत होता, नदीवर धुके परत दाटत होते, आणि पलीकडच्या काठाला काहीच ऐकू जाणार नव्हते. ती आपल्या बोलीत म्हणाली,

“हाय की दादा. हितंच हाय. मी कुठं गेलो न्हाई.”