घोड्याचा डावा पाय

रविवारी सकाळी मऊ ब्रशने धूळ झाडताना त्याला वाटलं, हा घोडा आपला नाही.

तो एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. कवळी अर्धा मिलिमीटर उंच झाली तरी माणूस घासागणिक शिव्या घालतो, हे वीस वर्षांत कळलं होतं, त्यामुळे आपली नजर चुकत नाही असा त्याचा ठाम विश्वास होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात त्याची एकच लाडकी वस्तू होती. एका जादूच्या राज्याच्या सिनेमातली वीतभर उंचीची सेनापतीण आणि तिचा राखाडी घोडा, अशी मूर्तींची जोडी. तीन वर्षं माग काढून, एका संग्राहकाच्या हातापाया पडून त्याने ती जोडी मिळवली होती.

त्याने मोजपट्टी आणली. घोड्याचा उचललेला डावा पाय चौथऱ्यापासून अठरा मिलिमीटर वर हवा होता, तसं त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. आता भरले सोळा.

"कोणीतरी घोडा बदललाय," तो म्हणाला.

"घोडा बदलायला कोण येणार आहे इथे?" बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

त्याच्या डोक्यात मेहुणा आलाच. स्वतःच्या घराला रंग लावायचा होता म्हणून मेहुणा मागच्याच आठवड्यात चार दिवस राहून गेला होता, तोही याच खोलीत, कपाटासमोरच्या दिवाणावर. येता-जाता म्हणायचा, "भाऊजी, या घोड्याचा कंटाळा आला की आधी मला सांगा हं." आणि अशा घोड्यांच्या हुबेहूब नकला मिळतात हे तर जगजाहीर.

"तुझा भाऊ चार दिवस इथेच झोपत होता," तो म्हणाला.

सुरी थांबली. "म्हणजे माझ्या भावाने चोरला?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंत."

खिडकीपाशी त्याचे बाबा वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्रातून डोकं न काढता ते म्हणाले, "जाऊ दे रे. खेळणंच ते."

"खेळणं नाही, बाबा!" तो असा खेकसला की म्हातारा माणूस दचकून पानं चाळायला लागला.

संशय एकदा घुसला की माणसाला सगळंच जुळायला लागतं. मेहुण्याने आठवडाभर फोन केला नाही, तेही जुळलं. जाताना तो घाईत होता, तेही जुळलं. बुधवारी संध्याकाळी फळांची पिशवी घेऊन तो न सांगता मेहुण्याकडे जाऊन थडकला. मेहुणा चहा टाकायला आत गेला. नव्या रंगाच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्याने दार हळूच ओढलं. साड्या, चादरी, खाली एक पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याचं झाकण उघडलं तर आत बाळाची लोकरीची मोजी आणि एक न वापरलेलं दुपटं. मेहुण्याचं मूल दोन वर्षांपूर्वी जन्मताच गेलं होतं.

"काय शोधताय, भाऊजी?"

मेहुणा दारात उभा होता, हातात दोन कप.

"घोडा," तो म्हणाला.

मेहुण्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकून गेलं. तो काही बोलणार असं वाटलं, पण त्याने कप टेबलावर ठेवले, खोक्याचं झाकण नीट लावलं आणि म्हणाला, "घरी जा तुम्ही."

कबूलही केलं नाही आणि नाकारलंही नाही! म्हणजे नक्कीच, असं स्वतःला बजावत तो घरी आला. पण पावलं जड झाली होती.

आता पुरावाच हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घोडा प्रयोगशाळेत घेऊन गेला, दिव्याखाली धरला, भिंग लावलं आणि डाव्या पायाचा रंग पात्याने जरासा खरवडला.

राखाडी रंगाखाली गुलाबी निघालं.

तो गुलाबी रंग तो रोज बघायचा. कवळीच्या हिरड्यांचा. आणि जोड इतका सफाईने घासलेला होता की तसं काम या शहरात एकच हात करायचा. त्याने मान वळवली. शेजारच्या टेबलावर पॉलिशवाल्या ताई चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडेच बघत होत्या.

"कळलं ना शेवटी," ताई म्हणाल्या. "तुम्ही साचे पोचवायला गेला होतात तेव्हा तुमचे बाबा आले होते. पायाचे दोन तुकडे, मधला चुरा सापडेना. म्हणाले, त्याला सांगू नका, तो फार चिडतो."

"एकटे आले होते? एवढ्या लांब?"

"नाही, तुमच्या मेहुण्याने स्कूटरवर आणलं. रंगही त्यानेच मिळवून दिला."

त्या दिवशी त्याच्या हातून एकही दात सरळ बसला नाही.

संध्याकाळी तो बाबांसमोर जाऊन बसला. "कपाटातून का काढलात?" त्याने शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं.

बाबांनी आयुष्यभर चामड्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. ते बोटं चोळत म्हणाले, "खोगिराचा टाका बघायचा होता. एवढा बारीक टाका माणसाने घातला असेल तर त्याला नमस्कारच करायला हवा, असं वाटलं. जवळ नेला आणि हातातून सुटला." मग म्हणाले, "टाका नाहीच आहे तो. नुसता ठसा आहे."

त्याला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आपल्या घरात आपल्याच बापाला आपली भीती वाटते, आणि ती सांभाळायला परका हात लागतो.

रविवारी तो बायकोला घेऊन मेहुण्याकडे गेला आणि उंबऱ्यातच म्हणाला, "चुकलो."

"मला विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं," मेहुणा म्हणाला. "तुमच्या बाबांना शब्द दिला होता. पण विचारायला तर हवं होतं." मग आवाज उतरला. "ते खोकं माझ्या बायकोनेही अजून उघडलेलं नाही, भाऊजी."

मेहुण्याने त्यांना बसायला सांगितलं आणि बहिणीची विचारपूस केली. पुढे येणं-जाणं सुरू राहिलं, हसणं-बोलणंही झालं. पण त्यांच्याकडे राहायला मात्र मेहुणा पुन्हा कधी आला नाही.