साडेनऊवाले

मंगळवार होता. कुणाच्या लक्षात राहू नये इतका साधा. ऑफिसातून परतताना मी बाबांच्या दुकानात शिरले, तेव्हा ते एका जुन्या शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून तिची समजूत काढत होते. बाबा मशीनी दुरुस्त करायचे आणि करताना त्यांच्याशी बोलायचे. माणसांशीही बोलायचे, पण मशीन उलट उत्तर देत नाही म्हणून ओढा तिकडे जास्त.

"बस. त्या स्टुलावर नको, तिथे स्क्रू आहेत."

"बाबा, दुसरं स्टूल तुमच्याखाली आहे."

"मग उभी राहा. तरुण आहेस."

मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

मशीन सुधारली की एका चिंधीवर शिवण घालून बघायची, हा त्यांचा नियम. चिंधीच्या कडेला पेनाने तारीख आणि मशीनचं दुखणं लिहायचं. पूर्वी या चिंध्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवत. मग एका मोठ्या कंपनीच्या साइटवर त्यांचे फोटो टाकू लागले. सहा वर्षं टाकले. चारशे माणसं बघायची. एके दिवशी त्यांनी चिंधीऐवजी एका मशीनचे सुटे भाग टेबलावर ओळीने मांडून फोटो टाकला. स्प्रिंगा, दांडे, सुया. त्या कंपनीला ती हत्यारं वाटली. खातं बंद. बाबांनी तीन अर्ज केले आणि तिन्हींना दोन मिनिटांत एकच उत्तर आलं.

"जन्मभर मी मशीनच्या चुका काढल्या," ते म्हणाले, "आता मशीनने माझी काढली. फिटंफाट."

थट्टा केली खरी, पण सहा वर्षांच्या चिंध्या गेल्या त्या गेल्याच. तो आठवडाभर ते मशीनींशीसुद्धा बोलले नाहीत.

वाट काढली ती ओव्हरलॉक काकांनी. हे बाबांचे दोस्त, दुसऱ्या गावी असतात, आणि कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनीखेरीज कशालाही हात लावत नाहीत. त्यांनी फोनवर सांगून सांगून बाबांकडून टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरचं एक छोटंसं ठिकाण उभं करून घेतलं. पत्ता बाबांचा स्वतःचा, पान स्वतःचं. काकांचं ठिकाण त्यांच्या दुकानात, वेगळ्याच प्रोग्रॅमवर चालणारं. एका शिवणकामाच्या बाईंचं तिसरीकडे. तरी याचं त्याला दिसायचं, त्याचं उत्तर याला यायचं, आणि मालक कोणी नाही.

"पण बाबा, तिथे माणसं किती? सात," मी त्या मंगळवारीही म्हटलं. "परत मोठ्या साइटवर या. मी नवं खातं काढून देते. सगळं जग तिथे आहे."

बाबांनी पेटीतली एक सुई उचलून माझ्या नाकासमोर धरली. "ही कुठल्या कंपनीची?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. तरी समोरच्या मशीनमध्ये बसते, आणि तुझ्या आईच्या मशीनमध्येही. का? कोणीतरी कधीतरी माप ठरवलं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. ज्याला सुई करायची त्याने करावी, ज्याला मशीन करायची त्याने करावी. तुझ्या जगाची सुई फक्त तुझ्या जगाच्याच मशीनला बसते. मशीन रुसली की सुईही गेली आणि शिवलेलंही गेलं."

"बरं. पण वाचतं कोण?"

त्यांनी सुई पेटीत ठेवली. मग चाक फिरवत म्हणाले, "साडेनऊवाले."

साडेनऊवाल्यांचं सांगायला हवं. बाबांचं पान खातं न काढताही कोणालाही वाचता यायचं, आणि कितीजण किती वाजता येऊन गेले हे दाखवणारा एक आकडा काकांनी तिथे बसवून दिला होता. आठवड्याचे पाच दिवस बरोबर साडेनऊला कोणीतरी एक यायचं, बघायचं आणि एक शब्द न बोलता जायचं. बाबांनी त्यांची मनातल्या मनात पूर्ण ओळख करून घेतली होती. शनिवार-रविवार येत नाहीत म्हणजे नोकरदार. वेळ चुकवत नाहीत म्हणजे बहुधा बँकेत. बोलत नाहीत म्हणजे घरी बायको बोलत असणार. रोज नऊला चिंधीचा फोटो टाकताना ते खाली लिहायचे, "साडेनऊवाल्यांना नमस्कार."

"कुठून येतात ते शोधून काढू का?" काकांनी एकदा विचारलं होतं.

"गिऱ्हाइकाने काचेतून आत बघितलं तर मी त्याच्या मागे घरापर्यंत जातो का?" बाबांनी फोनवरच झापलं होतं.

साडेनऊवाले म्हणजे मी.

एका प्रकाशकाकडे मी मुद्रितं तपासते. साडेनऊला टेबलाशी बसायचं, पहिलं पान ओढायच्या आधी बाबांची चिंधी बघायची. चार वर्षं. सुरुवातीला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वाद हरले असते. नंतर सांगितलं नाही, कारण बाबांना त्या बँकेतल्या गृहस्थांचा इतका लळा लागला होता की त्यांना असं अचानक मारून टाकायचं माझ्या जिवावर आलं.

त्या मंगळवारीही मी "येते" म्हणून निघाले. बाबा मशीनला म्हणाले, "गेली बघ. आता आपलं बोलणं पुरं करू."

बुधवारी साडेनऊला पान उघडलं तर मंगळवारचीच चिंधी. मी पुन्हा उघडलं. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा उघडत होते तेवढ्यात आईचा फोन आला.

ते स्टुलावरच होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. समोरची मशीन पूर्ण जुळलेली होती, चिंधी घालायची राहिली होती.

महिन्याने जागेच्या मालकांनी दुकान परत मागितलं. भिंती, टेबल, खिळा सगळं आवरलं. राहिला टेबलाखालचा कॉम्प्युटर.

"तो बंद कर गं एकदाचा," आई म्हणाली. "त्याचा पंखा घरघरतो तर मला वाटतं, हेच घोरताहेत."

बंद केला की चार वर्षांच्या चिंध्याही जाणार. दुसऱ्यांदा जाणार. मी त्या मोठ्या कंपनीलाही मृत्यूचा दाखला जोडून लिहिलं होतं, निदान जुन्या तरी द्या म्हणून. उत्तर दोन मिनिटांत आलं. तेच.

मी काकांना फोन लावला. ते आधी रडले, मग नाक शिंकरून म्हणाले, "हे नंतर. आधी त्याचं सगळं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ. हवं ते सांगतो, तू फक्त टाइप कर. आणि तुझ्या बापासारखं मधेच थांबून मला मतं सांगू नकोस."

शुक्रवारचा अख्खा दिवस ते उतरत होतं. शनिवारी सकाळी काकांनी बाबांचा पत्ता आपल्या मशीनकडे वळवला. मी रिकाम्या दुकानात उभी होते, फोन स्पीकरवर. आई फडक्याने स्टूल पुसत होती. पुसून झालं होतं तरी पुसत होती.

"पाटी तीच, माल तोच," काका म्हणाले. "सातही जणांना कळणार नाही दुकान हललं ते. वहिनी, बघताय ना? आता माझंही काही झालं तर बाईंकडे हलवायचं. कोणाच्या पाया पडायला नको. हं, उघड गं तुझ्या फोनवर."

मी उघडलं. त्या मंगळवारची चिंधी. निळ्या कापडावर पांढरी, सरळ शिवण. 'वरचा दोरा सैल होता. आता शहाणा झाला. साडेनऊवाल्यांना नमस्कार.'

"अगं, हे बघ!" काका ओरडले. "कोणीतरी आलं! आणि वाजले किती? साडेनऊ! तेच! पण आज तर शनिवार..." त्यांचा आवाज खाली आला. "बिचाऱ्यांना माहीतच नसेल. तुझ्या बापाला फार वाटायचं, एकदा तरी काही बोलतील म्हणून."

मी वाकले आणि बटण दाबलं. पंखा हळू होत होत थांबला. आईने फडकं खाली ठेवलं.

मी स्टुलाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बाबा, बँकेत कोणी नाही. साडेनऊवाली मी आहे. रोज वाचत होते. शनिवार-रविवारच्या चिंध्या सोमवारी बघायचे, पण एकही चुकवली नाही."