चुलीवरच्या टीव्हीमागचा साग

मी टीव्हीच्या पाठीमागून बोलतोय. मान वाकडी करून शोधू नका, दिसणार नाही. मी सागाचा साडेपाच फुटी दांडा आहे. पुसदला अब्दुल गनी मिस्त्रींच्या घरात चुलीच्या वर टीव्ही लावलाय, त्याचा भार माझ्यावर आहे.

मी घाटंजीकडच्या जंगलातला. तिथलं फारसं आठवत नाही. उन्हाळ्यात पानं गळायची आणि ऊन सरळ अंगावर यायचं, तेवढं आठवतं. मिस्त्रींच्या हातात आलो तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. त्यांनी माझा आणि माझ्याच खोडातून निघालेल्या भावाचा पलंग केला, स्वतःच्या लग्नासाठी. आम्ही दोघं त्याच्या लांब बाजू. आयशाबी त्यावर नवरी म्हणून बसली, तेव्हा भीतीनं तिनं मलाच घट्ट धरलं होतं.

पुढे पलंगाच्या पायांना वाळवी लागली. लोखंडी दिवाण आला आणि आम्ही माळ्यावर गेलो. बावीस वर्षं तिथं धूळ खाल्ली.

मग त्यांची नात मुस्कान नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. दोन वर्षांची होती तेव्हापासून आयशाबीनं तिला वाढवलेलं. ती रोज दिवस मावळताना मोबाइलवर दिसायची, पण आयशाबीच्या नजरेला काही सापडत नव्हतं.

"आवाज पोरीचा हाय," ती म्हणायची, "तोंड मात्र धुरावानी दिसते."

मिस्त्रींनी मोठा टीव्ही आणला. मोबाइलमधली मुस्कान त्यावर दिसणार होती. पुढची खोली लाकडांनी आणि भुशानं भरलेली. आणि दिवस मावळताना आयशाबी चुलीपुढेच असायची. घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच लागायची. म्हणून टीव्ही चुलीवर लावायचं ठरलं.

शेजारचा अय्याज मेकॅनिक ड्रिल घेऊन आला आणि हसत सुटला.

"चाची, सिरियलले फोडणी देता का?"

"तू भोक पाड ना बापा. फोडणीचं मी पाहतो," मिस्त्री म्हणाले.

अय्याजनं भोक पाडलं. मातीच्या भिंतीतून ओंजळभर माती निघाली आणि खालच्या वरणात पडली.

"चाचा, हे भिंत नाही, पुरण हाय!"

मिस्त्रींनी थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं. "भिंतीले टांगाचंच नाही. तिच्यापुढं चौकट उभी करू."

त्यांनी मला माळ्यावरून उतरवलं, भाऊ वरच राहिला. आयशाबीनं माझ्यावरून हात फिरवला.

"अजी, हा आपला पलंग हाय ना?"

"हो. मोडत नाही त्याले. उभा करून ठेवतो."

जमिनीपासून छताच्या लाकडी फाट्यापर्यंत दोन खांब उभे राहिले. मागे हवेला जागा सोडली. धूर आणि आच पुढे जावी म्हणून खाली पत्रा मारलेली तिरपी फळी लावली. खांबांमध्ये दोन आडवे दांडे बसवले, त्यांतला वरचा मी, खालचा नव्या लाकडाचा. टीव्ही लावल्यावर अय्याज त्याला लोंबकळून पाहणार होता, मिस्त्रींनी त्याचा कान धरला.

तेव्हापासून मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं आणि वास येतो. पहिल्या संध्याकाळी मुस्कान म्हणाली, "दादी!" आणि भाकरीची थपथप थांबली. कितीतरी वेळ थांबली. भाकरी करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

पण पंधरा दिवसांत काहीतरी बदललं. मुस्कान बोलायची, आयशाबी "हो बेटा" म्हणायची आणि थपथप चालूच राहायची. मी ते ऐकत होतो. पुढच्या खोलीत रंधा मारता मारता मिस्त्रींनीही ऐकलं असावं. एका संध्याकाळी रंधा थांबला आणि त्यांची पावलं आत आली.

"काहून पाहत नाही पोरीकडं?"

"ऐकते ना. ऐकलं का दिसतेच."

"सरक जरा."

ते गुडघे मोडत तिच्या पाटावर बसले. त्यांनी वर पाहिलं असावं. त्यांच्या मानेचा कट् आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"मी उभ्यानं माप घेतलं," ते म्हणाले. "सारी जिंदगी दरवाजे केले, उभ्या माणसाचे. तू बसून राह्यते, हे ध्यानातच नाही आलं. बोलली काहून नाही?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं केलं."

टीव्ही खाली घ्यावा तर आच लागणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यामागे दोन ठोकळे घातले आणि मला चार बोटं पुढे आणलं. टीव्ही खाली झुकला. मग माळ्यावर उरलेल्या माझ्या भावाला त्यांनी कापलं. करवतीचा आवाज ऐकून मी घाबरलो होतो. पण त्यांनी त्याची पाठ केली, आयशाबीच्या पाटाला, तिला टेकायला. चुलीपुढे इतकी वर्षं बसली, पण पाठीला टेका तिला पहिल्यांदाच मिळाला.

आता आम्ही दोघं भाऊ पुन्हा समोरासमोर आहोत. मी तिच्यापुढे झुकलेला, तो तिच्या पाठीशी. धुरानं मी काळा पडत चाललोय, पडू दे. तुम्हाला एकच सांगणं आहे. कुणासाठी काही करायला टेप हातात घ्याल, तेव्हा आधी त्या माणसाच्या जागेवर जरा बसून पाहा.

थांबा. दिवस मावळला वाटतं. मुस्कानचा आवाज आला.

थपथप थांबली.