परातीतल्या डोंगरावरची पाहुणी

ही गोष्ट १९२१ सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी मासी, म्हणजे माघ महिन्यात आमच्या कुंभकोणमला बारा वर्षांनी येणारा महामखाचा मेळा भरला होता आणि त्या गर्दीत माझी एक तोरडी हरवली होती. नवरात्र आलं तरी आई तोरडीवरून बोलतच होती. मी तेव्हा नऊ वर्षांची, चुलतबहीण अंबुजा अकराची.

नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडत. नऊ पायऱ्या, त्यांवर बाहुल्या, आणि पायथ्याशी घरातल्या मुलींनी करायचा देखावा. त्या वर्षी आम्ही दोघींनी डोंगर केला. डोंगर आम्ही कधी पाहिलाच नव्हता. आमच्या मुलखातली जमीन लाटलेल्या पोळीसारखी सपाट. आईच्या मोठ्या परातीत माती थापली, वर नाचणी उगवली, दर्भाच्या जुड्या खोचल्या. पुढे आरशाचं तळं आणि काठावर मातीचा चेट्टियार, म्हणजे डाळतांदूळ मांडून बसलेला लठ्ठ वाणी.

नरसिंहमामाने पाहिलं आणि म्हणाला, "छान. म्हैस हिरवं लुगडं नेसून बसली आहे."

मामाला बोलायचा अधिकार होता. तो नुकताच कोडैक्कानलच्या डोंगरावरून आला होता. शाळेत ड्रॉइंग मास्तर होता, आणि बारा वर्षं मुलांना सुरई आणि पेरू काढायला शिकवून विटला होता. कोडैला एक म्हातारा डॉक्टर साहेब पक्ष्यांचं पुस्तक करत होता, त्याला चित्रकार हवा होता. परीक्षा म्हणून त्याने मामाला एक जिवंत पक्षी दिला. हा झुडपात असतो तसा काढायचा, आणि दसरा झाला की चित्र व पक्षी दोन्ही परत आणायचे. चित्र पसंत पडलं तर मामा डोंगरावर राहणार, नाही तर पुन्हा सुरई.

पक्षी माझ्या मुठीएवढा, मातकट. शेपूट मात्र पंख्यासारखं रुंद. फार उंचावरच्या गवताझुडपांत राहणारा, छान गाणारा, पण कुणाच्या नजरेला न पडणारा. पिंजऱ्यात घातलेल्या गवताच्या तळाशी तो जो घुसला तो घुसलाच. पाच दिवसांत मामाने पाच शेपट्या काढल्या. आईने पक्ष्याचं नाव ठेवलं सोवळीबाई.

नवरात्राच्या सातव्या दिवशी दुपारी अंबुजा तिला वाळवी खायला घालायला गेली आणि पिंजऱ्याचं दार लावायचं विसरली. जमिनीवरून काहीतरी उंदरासारखं पळालं आणि कोलूत शिरलं.

मामा धावत आला. "बाहुल्या उतरवा," तो म्हणाला.

"दसऱ्याआधी?" आई म्हणाली. "दसऱ्याच्या रात्री एक बाहुली निजवल्याशिवाय कोलू हलवत नाहीत. तुला काय नव्याने सांगायचं?"

"अक्का, माझं नशीब त्या पायऱ्यांखाली बसलं आहे."

"बसू दे की. वर सगळे देव बसलेत, सोबत आहे त्याला."

मामा खांबाआड कागद-पेन्सिल घेऊन बसला. संध्याकाळी बायका येऊ लागल्या. कोलूला आलेल्या प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं, मग सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले चणे, आणि विडा घेऊन जायचं, अशी रीत. पण आईने प्रत्येकीच्या कानात हकिकत सांगितली, त्यामुळे एकही बाई घरी गेली नाही. दिवे लागेपर्यंत अठराजणी जमल्या.

समोरच्या घरातल्या त्रिपुरसुंदरीमामींचा गळा नावाजलेला. "गाणाऱ्याला गाण्यानेच बोलवायचं," म्हणत त्यांनी आलापी सुरू केली. आलापी लांबली, पक्षी आला नाही. दुसरीने अंगाई म्हटली. तिसरीने पाखराची नक्कल केली, तेव्हा मागच्या दारी मांजर आलं. मग मांजराला हाकललं आणि तिला गप्प बसवलं.

"पुरे आता," आई म्हणाली. "चणे गार झाले."

सगळ्या खायला लागल्या. घरात नुसता चघळण्याचा आवाज. आणि त्या आवाजात डोंगरातून एक बारीक शीळ आली. अठरा जबडे जागच्या जागी थांबले.

दर्भ हलला. सोवळीबाई आमच्या डोंगराच्या शेंड्यावर चढली, शेपूट उघडलं आणि दिव्यांच्या उजेडात गाऊ लागली. त्रिपुरसुंदरीमामींना शिंक येत होती. त्यांनी पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्या गालात एक चणा होता, तो मी ना चावला ना गिळला. खांबाआड मामाची पेन्सिल पळत होती. मग सोवळीबाई तळ्यावर उतरली, आरशातल्या पाखराला दोनदा चोच मारली आणि परत गवतात गेली.

तेव्हा मामींची शिंक सुटली. त्यावर कुणीतरी हसलं, आणि मग हसू कुणालाच आवरेना. विड्यांचं तबक सांडलं, ते उचलायला वाकलेल्या दोघी तिथेच बसून हसत राहिल्या.

मामा पुढे आला. "गोमती, तो डोंगरच आहे, गे," मला म्हणाला. "तिने मान्य केलं."

"आणि म्हैस?" अंबुजाने विचारलं.

"म्हैस मी."

दसऱ्यापर्यंत ती तिथेच राहिली, आणि रोज चणे वाटताना गायली. बाहुली निजवल्याच्या दुसऱ्या सकाळी मामाने अख्ख्या परातीवर टोपली उपडी घातली, दोरी बांधली, आणि आमचा डोंगर रेल्वेत बसून कोडैला गेला.

मामाला दिसलं त्याहून वेगळं काढता येत नसे. चित्रात नाचणीचे कोंब होते, आरसा होता, मागे चेट्टियारचं अर्धं पोट होतं. साहेबाने भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोणतं शिखर?"

"कुंभकोणम, साहेब. उंची दीड हात."

साहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला आणि त्याने मामाला ठेवून घेतलं.

पक्षी जिथे धरला होता त्याच उतारावर मामाने सोडला. परात तिथेच राहिली. आई मरेपर्यंत मामाकडे ती परात मागत होती. साहेब चार वर्षांनी विलायतेला गेला; पुस्तक निघालं की नाही, कळलं नाही. मामा कोडैलाच राहिला, पक्षी काढत राहिला, आणि १९४६ साली तिथेच वारला. त्रिपुरसुंदरीमामी शेवटपर्यंत सांगत, पाखरू त्यांच्या आलापीनेच आलं, फक्त जरा उशिरा. अंबुजा आडुतुरैला सासरी गेली, दर नवरात्रात डोंगर करायची. तिच्या सुनेने आता ते काम घेतलं आहे.

मी साठाव्या वर्षी कोडैला गेले. दिवसभर गवतात बसून राहिले, डब्यातून सुंडल नेलं होतं, ते मोठ्याने चघळलं. एकदा शेपूट दिसलं, असं मला वाटतं. डोंगर चांगले होते. आमच्या डोंगरापेक्षा जरा मोठे, आणि तळ्याला आरसा नव्हता.