मागच्या दाराची दोरी

मेणबत्ती मागच्या दाराजवळ नेली तशी ज्योत आडवी झाली आणि विझली. तिने काडी ओढली, पुन्हा पेटवली, पुन्हा नेली. पुन्हा विझली.

"कळलं गं, तिथून वारा येतो," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "किती वेळा विचारशील त्याला?"

ती मेणबत्ती घेऊन खिडकीकडे वळली. खिडकीचं काम सोपं होतं. मैद्याची खळ शिजवून ठेवली होती, रद्दीच्या पट्ट्या कापल्या होत्या. पट्टी खळीत बुडवायची, दोन बोटांत निपटायची आणि फटीवर बसवायची. हिवाळाभर पुढच्या खोल्या बंद करून सगळ्यांनी स्वयंपाकघरातच राहायचं, असं तिने ठरवलं होतं. सगळं घर तापवणं आता तिच्या शिवणकामाच्या आवाक्यातलं नव्हतं. शेगडी एकाच खोलीपुरती जळणार होती. मशीन आधीपासून इथेच होतं, आता मुलीचं दप्तर आलं होतं, भांड्यांच्या फळीखाली अंथरुणं रचली होती. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती, आणि खोली तरीही गारच होती.

गार होती ती दारातल्या एका भोकामुळे. मागच्या दाराच्या आतल्या खिट्टीला एक सुती दोरी बांधलेली होती आणि ती वरच्या भोकातून बाहेर गल्लीत जात होती. तिचा नवरा काचेच्या कारखान्यात होता, पाळी संपवून उशिरा यायचा. बाहेरून दोरी ओढली की खिट्टी उचलली जायची. कुणाची झोपमोड नको म्हणून त्यानेच ही युक्ती केली होती, आणि त्या दाराने त्याच्याशिवाय कुणी ये-जा करत नसे. उन्हाळा लागता लागता एकदा पाळी सुटल्यावर तो बूट बदलायला बाकावर बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून दार बंद होतं.

तेव्हापासून तिला काही वाटेनासंही झालं होतं. ती रडेल म्हणून शेजारणी चार दिवस जवळ बसून राहिल्या आणि शेवटी आपापल्या स्वयंपाकाला निघून गेल्या. कपडे मापात शिवले जात होते, भाजीत मीठ बरोबर पडत होतं. कुणी विचारलं तर ती "बरं आहे" म्हणायची आणि त्यात खोटंही काही नव्हतं. दुखत असतं तर सांगितलं असतं.

खिडकी झाल्यावर ती मशीनवर बसली. नवऱ्याच्या कामावरच्या जाड विजारीचे पाय तिने कापले, एकेका पायात कातरण ठासून भरलं आणि तोंडं शिवून टाकली. दाराखालच्या फटीला लावायला असं लांबट काहीतरी हवंच होतं. विजार कापताना कात्री जरा अडेल असं तिला वाटलं होतं. कात्री सरळ गेली.

"आजी, हा अजगर काय खातो?" मुलीने विचारलं.

"चिंध्या," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरचा अजगर आहे बाई, मिळेल ते खातो."

मुलगी हसली आणि दोनांतला एक अजगर खांद्यावर टाकून शेजारच्या मैत्रिणीला दाखवायला पळाली. सासूबाईही हसल्या, पण हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. तिने पाठ चोळली, पाणी दिलं. छातीला गारठा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंदा दुखणं छातीत उतरलं तर अवघड जाईल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि सासूबाईंची खाट नेमकी त्या दाराला टेकलेली. इथे कंबर सरळ राहते, असं म्हणत त्या तिथून हलायला तयार नव्हत्या. आईच ती, असं समजून तिनेही विषय सोडून दिला होता. ते भोक बुजवायचं म्हणजे तुमचा मुलगा आता येणार नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. ते तिच्याने होत नव्हतं.

पण हा खोकला ऐकून घेणंही आता होत नव्हतं.

तिने फ्लॅनेलच्या तुकड्याची घट्ट गुंडाळी केली, स्टूल ओढलं आणि त्यावर चढली.

"आई, मी हे बुजवते आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण बुजवते आहे."

बाहेरची दोरी आधी आत घ्यायला हवी, म्हणून तिने ती ओढली. बरीच लांब येईल या हिशेबाने जोर लावला आणि स्टुलावरून पडता पडता वाचली. दोरी बाहेर नव्हतीच. भोकाच्या तोंडाशी टोक संपलेलं होतं. झिजून तुटलेलं टोक आणि कात्रीने कापलेलं टोक, यातला फरक तिला कुणी शिकवायला नको होता.

"मीच कापली," सासूबाई म्हणाल्या. "तो गेला त्याच महिन्यात."

"का?"

"वारा सुटला की बाहेर ती दोरी हलायची आणि आत खिट्टी वाजायची. दर वेळी तुझं मशीन थांबायचं. तुला कळत नव्हतं, पण थांबायचं. मला ऐकवेना."

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. आपलं मशीन थांबत होतं हे तिला आत्ता कळत होतं.

"मग हा आतला तुकडा कशाला ठेवला?"

"मशीनवरून तुला दिसतो ना. सगळीच काढली असती तर तू काय केलं असतंस, देव जाणे. म्हटलं, राहू दे. वारा काय, मी सोसेन."

"आणि मी तुमच्यासाठी हे भोक उघडं ठेवलं होतं!"

"दोघी शहाण्याच," सासूबाई म्हणाल्या. "लाव ते फडकं. गारठले मी."

तिने गुंडाळी भोकात बसवली आणि अंगठ्याने आत दाबली. आतला तुकडा खिट्टीला तसाच राहू दिला. वाऱ्याची बारीक शिट्टी बंद झाली. मग खाली उतरून तिने अजगर दाराशी सरळ लावला आणि शेगडी वाढवली. हळूहळू खोलीत ऊब धरू लागली. खळीने गारठलेल्या तिच्या बोटांत आधी मुंग्या आल्या, मग ती चांगलीच दुखू लागली. तिने हात शेगडीपासून मागे घेतले नाहीत.

"आता खाट इकडे शेगडीजवळ घेऊ," ती म्हणाली. "तिकडे राहण्याचं काही कारण उरलं नाही."

"राहू दे तिथेच."

"अहो आई, दार थंडच असणार ना. कंबर इथेही सरळ राहील."

सासूबाईंनी गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली आणि दाराकडे तोंड केलं.

"दोरी मी कापली ना," त्या म्हणाल्या. "आता कुणी आलं तर उठून उघडायला नको का?"

तिने तोंडाला पदर लावला. बऱ्याच वेळाने उठली, फळीखालचं आपलं अंथरूण ओढलं आणि खाटेला लागून दाराशी घातलं.