गॅलरीतला पिवळा टॉवेल

बापाच्या पावलांवरून त्या घरात कळायचं, आज काय वाढून ठेवलंय ते. दर पायरीवर टेकत टेकत बूट वर आले की समजायचं, नुसता दमलाय, जेवेल आणि आडवा होईल. दोन-दोन पायऱ्या एकदम वाजल्या की आज कुणाची तरी धडगत नाही. पंधरा वर्षांच्या थोरलीला हे इतकं पाठ होतं, की बाप पहिल्या मजल्यावर असतानाच तिसऱ्या मजल्यावर तिची तयारी झालेली असायची. तयारी ती काय, तर गॅलरीच्या कठड्यावर पिवळा टॉवेल टाकायचा.

टॉवेल दिसला की धाकट्याने घरी यायचं नाही. शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच मान वर करायची. पिवळं दिसलं तर तसंच वळायचं, शिवणकामवाल्या मावशींच्या दुकानात जायचं आणि टॉवेल निघेपर्यंत चिंध्यांच्या ढिगावर बसून गृहपाठ करायचा. नऊ वर्षांचं पोर, अंगावर मूठभर मांस नाही, सगळे त्याला खारू म्हणत. त्याचा डावा कान कामातून गेला होता. कसा गेला? दुधाचं पातेलं सांडलं म्हणून बापाने कानाखाली एक ठेवून दिली. एकच! डॉक्टरीणबाई थोरलीकडे बघून म्हणाल्या होत्या, "दुसरा कान जिवापाड जप. त्यावर असाच फटका बसला तर पोर जन्मभरासाठी बहिरं होईल." थोरलीलाच म्हणाल्या, कारण बरोबर दुसरं कुणी आलंच नव्हतं.

तुम्ही विचाराल, आई कुठे होती? होती की! घरातच होती. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. ताप नाही, खोकला नाही, पण दोन वर्षांत बाई धड उठून बसली नव्हती. पोरं जेवली का, शाळेत गेली का, कुणाचं काय फुटलं, तिच्या कानावर घालायला गेलं की एकच उत्तर, "मला काही सांगू नका रे." म्हणून थोरलीने सांगणंच सोडलं. शाळा सोडली तेही सांगितलं नाही, मावशींकडे बटणं लावायला जाते तेही नाही. टॉवेलचंही सांगितलं नाही, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

त्या दिवशी भर दुपारी साडेतीनला बूट वाजले. दोन-दोन पायऱ्या. थोरलीचे हात सवयीने चालले. टॉवेल धुऊन पिळलेला होता, तो तसाच ओला कठड्यावर फेकला आणि ती दाराशी येऊन उभी राहिली.

बापाच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. तो ट्रकचे टायर काढा-घालायच्या गॅरेजात कामाला होता, आणि हत्यारं कधी घरी यायची नाहीत. ती आली म्हणजे मालकाने हाकलून दिलं असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पिशवी त्याने दाणकन जमिनीवर आपटली. आतून टॉमी बाहेर घरंगळली. टॉमी म्हणजे टायर रिमवरून उचकटायची हातभर लांब लोखंडी सळई.

"पाणी दे," बाप म्हणाला.

तिने दिलं. त्याने तांब्या तिच्याच तोंडावर मारला. ओठ फाटला, दात हलला, पाणी आणि रक्त एक होऊन हनुवटीवरून गळ्यात उतरलं.

"गरम का आहे?"

आता थोरलीचं गणित ऐका. बापाच्या रागाला लांबी होती. तासभर, फार तर सव्वा तास. मग तो बूट न काढताच पडायचा आणि घोरायला लागायचा. खारूची शाळा पावणेपाचला सुटायची. सगळं आपल्याच अंगावर घ्यायचं आणि त्याला लवकर दमवायचं, असं पोरीने ठरवूनच टाकलं होतं. पंधरा वर्षांची पोर आणि ही अक्कल! कुणावर अशी वेळ येऊ नये.

"मालकाने काढलं ना?" ती म्हणाली. "कुणावर हात उगारलात आज?"

बापाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं. एकदा, दोनदा. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती खाली बसली तर बुटाची लाथ बरगडीत आली. मग पट्टा निघाला. बक्कल पाठीवर पडत होतं तिथे फ्रॉक चिकटत होता. ती ओरडली नाही. ओरडलं की शेजारचे दार लावून घेत, आणि तो आवाज तिला माराहून जास्त लागायचा. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. चार. साडेचार. पावणेपाच.

अन् तेवढ्यात खाट करकरली.

आई उठली होती. अहो, खरंच उठली! केस पिंजारलेले, पाय लटपटत होते. थोरलीच्या मनात आलं, आई येतेय. आपल्याला सोडवायला येतेय. इतक्या मारातही तिला हुंदका फुटला तो त्या आनंदाने. पण आईने दोघांकडे बघितलंच नाही. भिंतीला धरत धरत ती त्यांच्या बाजूने गेली, गॅलरीत पोहोचली, कठड्यावरचा टॉवेल चाचपला, काढला आणि खाटेवर येऊन घडी घालत बसली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, हाताने सुरकुत्या काढत.

"आई, तो टाक परत! आई!"

"वाळलाय गं," आई घडीकडे बघत म्हणाली. "तेवढं तरी करू दे मला."

थोरली उठायला गेली, तर बापाने मानेवर पाय दिला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. जिन्यात लहान चपला वाजल्या. पोर कसलासा पाढा म्हणत येत होतं, मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्याला अर्धाच ऐकू यायचा.

"खारू, पळ!" ती जीव खाऊन ओरडली. बुटाखालून नुसती घरघर बाहेर आली.

दार उघडलं. खारूचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आधी ताईकडे बघितलं, मग आईच्या मांडीवरच्या पिवळ्या घडीकडे. "पण टॉवेल नव्हता," तो म्हणाला.

"कसला टॉवेल रे?" बाप त्याच्याकडे वळला. मानेवरचा पाय निघाला. "माझ्यामागे काय शिजवता तुम्ही?" त्याने डाव्या हाताने पोराची कॉलर धरली आणि उजवा हात मागे नेला. पोराची उजवी बाजू समोर होती. उजवा कान.

थोरलीच्या हाताला टॉमी लागली. तिने दोन्ही हातांनी उचलली आणि तो मागे गेलेला हात होता तिथे, मनगटावर, अंगात उरलं होतं तेवढं बळ लावून हाणली. हाड मोडल्याचा आवाज खारूलासुद्धा ऐकू गेला. बाप गुडघ्यावर आला. हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता. त्याने दुसरा हात टॉमीकडे टाकला, तर तिने त्याही हाताच्या बोटांवर मारलं, आणि खांद्यावर, आणि पुन्हा खांद्यावर. बाप लहान पोरासारखा भोकाड पसरून रडायला लागला तरी ती मारतच होती.

"ताई, बास! ताई, पुरे ना!"

ती थांबली. टॉमी आपोआप गळून पडली.

"काय केलंस गं हे," आई पुटपुटली. "मी तर नुसता टॉवेल काढला."

"तो धुण्याचा नव्हता, आई!" थोरली रक्त थुंकली. दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. "बाबा चवताळून आले की मी तो बाहेर टाकते. तो दिसला की खारू घरी येत नाही. आज तू काढलास म्हणून तो आला. एक दिवस उठलीस आणि हे केलंस!"

आईचे हात घडीवर थांबले. ती धाकट्याच्या कानाकडे बघत राहिली, जणू तो आजच फुटला होता.

बाप भिंतीला रेटा देत उठायला लागला. "जीव घेईन," तो म्हणत होता, "दोघांचाही जीव घेईन." थोरलीने खारूचं मनगट धरलं आणि जिना गाठला. उतरताना प्रत्येक पायरीला बरगडीतून कळ येत होती. मागे बापाचा आवाज चढला, काहीतरी पडलं, मग फुटलं.

मावशींच्या दुकानाकडे वळताना खारू सवयीने थांबला. त्याने मान वर केली.

"ताई, बघ ना."

कठड्यावर पिवळा टॉवेल पसरलेला होता. मागे आई उभी होती. तिच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि मागून बाप कोपराच्या विळख्यात तिची मान धरून तिला आत ओढत होता. पण टॉवेलची दोन्ही टोकं तिने कठड्याशी घट्ट दाबून धरली होती आणि ती सोडत नव्हती.