आतल्या माठाचं पाणी

१९५८ साली, बौद्ध झालेल्या घरातली सुगंधा गमरे बोर्ली पंचतनला एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागली. पहिल्याच दिवशी कंपाउंडरने तिच्यासाठी ओटीवर वेगळा तांब्या ठेवला.

"आतल्या माठाला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला.

सुगंधा आत गेली आणि माठातलं पाणी प्यायली. त्याने सगळ्यांदेखत माठ अंगणात ओतला.

डॉक्टरांनी तिला बोलावलं. "बाई, पेशंट बिथरतील. बाहेर प्यायलात तर काय बिघडलं?"

"बाळंतपणं माझ्याच हातून करून घेणार ना? मग पाण्यालाच विटाळ कसा? शिवाशिव पाळणं हा आता कायद्याने गुन्हा आहे, डॉक्टर. मी तक्रार करणार."

श्रीवर्धनला फौजदार म्हणाले, आपसात मिटवा. तक्रार नोंदवून घेईपर्यंत ती बाकावरून उठली नाही.

डॉक्टर घाबरले. "तुम्हाला माणगावला चांगली जागा बघून देतो."

"माझी नोकरी इथे आहे. जायचं तर कंपाउंडरने जावं."

खटला चालला. कंपाउंडरला दंड झाला आणि तो काम सोडून गेला. काही घरांनी दवाखान्यात येणं बंद केलं.

"येतील," सुगंधा म्हणाली आणि तिने पुढच्या बाईला आत बोलावलं.